सत्यभामाकाकूंची लाल मूद

"धूर दिसला म्हणजे बाई जेवली असं धरू नये, वसू. आत येऊन पानात बघावं."

विहिरीवर कपडे पिळता पिळता सत्यभामाकाकू मला हे म्हणाल्या होत्या. मी हसले. कडेवरची विनी माझं कानातलं ओढत होती, घरी चुलीवर दूध होतं आणि ते उतू जायच्या आत पोचायचं होतं. "तुमचं आपलं काहीतरीच, काकू," असं म्हणून मी घागर उचलली.

जबलपुरात बडा फुहाऱ्याच्या मागच्या गल्लीत आमचं बिऱ्हाड होतं. काकूंचं घर पाठीला पाठ लावून. मधे एक बुटकी भिंत आणि दोघींची मिळून एक विहीर. माझे यजमान जंगल खात्यात. त्या भाद्रपदात ते मंडल्याकडे गेले आणि नद्यांना पूर आल्यामुळे तिकडेच अडकले. पत्रं यायची ती भिजलेली, शाई पसरलेली. घरात मी आणि नुकती पाऊल टाकू लागलेली विनी. तिला शिंक आली तरी मी रात्रभर जागत बसायचे. दिवसभरात मोठ्या माणसाशी बोलणं व्हायचं ते काकूंशी, तेही भिंतीवरून.

काकू माझ्याहून एकट्या. त्यांचे यजमान अंबादासपंत कित्येक वर्षांपूर्वी तिलवाऱ्याच्या घाटावरून नर्मदेच्या परिक्रमेला निघाले. शूलपाणीच्या झाडीपर्यंत खुशाली येत राहिली, पुढे काहीच नाही. बारा वर्षं वाट पाहायची रीत असते, ती मुदत केव्हाच उलटली होती. काकूंनी कुंकू पुसलं नाही. रोज दुपारी सोवळ्यात एकदाच स्वयंपाक करायचा, एकदाच जेवायचं आणि भाताची एक मूद काढून ताटलीत ठेवायची. रात्री-बेरात्री माणूस दमून आला तर! मूद कोरडी पडू नये म्हणून तिच्यावर ओलं करून पिळलेलं सोवळ्याचं फडकं. सकाळी ती मूद गाईला. हे असं वर्षानुवर्षं चाललेलं.

एका सकाळी अंजनीबाईंच्या आरोळीने मी दचकून उठले. अंजनीबाई समोरच राहायच्या, मूळच्या यवतमाळकडच्या.

"आईवं! पाहा जी, पाहा! काकूच्या भातातून रक्त येऊन राहिलं!"

विनीला उचलून मी धावले. मूद ताटलीत होती आणि तिच्यावर खरोखरच लाल ठिपके होते. काही टाचणीच्या डोक्याएवढे, काही एकमेकांत मिसळून ओघळ आल्यासारखे. रंग ताज्या रक्ताचा. काकू चुलीपाशी भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि ताटलीकडे एकटक बघत होत्या.

दुपारपर्यंत अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. अंजनीबाईंचे यजमान तिलवाऱ्याला जाऊन तिथल्या धर्मशाळेत उतरलेल्या लोहितानंद महाराजांना टांग्यात घालून घेऊन आले. महाराज म्हणजे भगवी कफनी, दाढीला तेल आणि आवाज असा की विनी रडायचीच थांबली. त्यांनी ताटली दोन्ही हातांनी उचलली, डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले.

"यह चावल नहीं है, भक्तो! शोणित है, शोणित! परिक्रमावासी का लहू नर्मदा मैया ने घर लौटाया है!"

मैयाला लहू परत करायला एवढे घाट सोडून काकूंचं स्वयंपाकघर कशाला लागावं, हे कोणी विचारलं नाही. लोकांनी हात जोडले. महाराजांनी काकूंकडे बोट केलं.

"माई, तेरे किसी पाप से तेरा स्वामी गया. जब तक भात सफेद न हो, अन्न तेरे लिए मांस है."

काकूंनी मान खाली घातली. सगळ्या गल्लीसमोर त्यांना कोणी इतकं मोठ्याने बोललं नव्हतं आणि इतक्या लोकांनी त्यांच्याकडे एकदम बघितलंही नव्हतं.

पुढे रोज तेच. काकूंनी दुपारी भात करायचा, मूद फडक्याखाली ठेवायची, सकाळी महाराजांनी शंख फुंकून फडकं उचलायचं, मूद लाल! कामावर जाणारे वाट वाकडी करून येत, अधारतालकडचे शेतकरी बैलगाड्या लावून रांगेत उभे राहत. लाल झालेला भात महाराज पत्र्यावर वाळवत, कुटून राखेत मिसळत आणि 'रक्तभस्म' म्हणून पुड्या बांधत. श्रद्धा असेल त्याने ती पुडी घरी न्यावी, भातावर चिमूटभर टाकावी आणि वरून आंबट ताक शिंपडावं. भात पांढरा राहील, नर्मदामाई शांत होईल. काकूंच्या मुदीला मात्र ताक वर्ज्य, असं महाराजांनी बजावलं होतं. आणि ज्याला शंका आहे त्याने ताक न घालता नुसतं भस्म टाकून बघावं!

शंका होती ती मला. म्हणजे शंका कमी आणि भीती जास्त. अंजनीबाईंनी एक पुडी माझ्या हातात कोंबली. "तू बी.एस्सी. झालेली बाई हायेस, तुले तर करून पाहाच लागते."

मी नुसतं भस्म टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याही भातावर लाल ठिपके.

खरं सांगते, माझं शिक्षण त्या सकाळी कुठे गेलं ठाऊक नाही. मी ताटली बाहेर भिरकावली आणि विनीचं अंग चाचपून बघितलं, कुठे ताप नाही ना, पुरळ नाही ना. दार लावून तिला पोटाशी घेऊन बसले. पलीकडे शंख वाजत होता. भिंतीवरून बघितलं तर काकूंच्या कौलांतून धूर निघत होता. म्हटलं, चला, त्यांचं तरी बरं चाललंय, आता सोबत आहे त्यांना.

मग एकदा विहिरीवर गेले तर काकू घागर ओढत होत्या. दोर त्यांच्या हातातून सरसर निसटला, घागर खाली आपटल्याचा आवाज आला आणि काकू काठाला धरून खाली बसल्या. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घरंगळल्या. इतक्या सैल त्या कधीच नव्हत्या.

"काकू, तुम्ही जेवलात ना?"

"अगं, धूर नाही दिसला?"

हे म्हणताना त्या हसल्या. मला ते हसू अजून आठवतं. धूर त्या मुदीसाठीच्या भाताचा होता. त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही जात नव्हतं. अंगणात शंभर माणसं बसत होती, प्रसाद खात होती, टाळ वाजवत होती आणि आत बाई उपाशी मरत होती. कोणी पान बघितलं नव्हतं. मीही नाही.

"चला, माझ्याकडे दोन घास खा."

"नको वसू. मांस आहे ते मले. ते गेले माझ्या पापानं, आता मी काहून जेवू?"

"कसलं पाप?"

त्यांनी बांगड्या मनगटाकडे सारल्या. मग म्हणाल्या, "निघताना मी रागानं त्यांच्याशी बोलले नव्हते."

एवढंच. एवढ्यासाठी बाई मरायला निघाली होती.

त्या दुपारी विनी झोपल्यावर मी कोपऱ्यात बसून राहिले. भीती बाजूला सारून विचार करायचा म्हणजे काय, ते मला नव्याने शिकावं लागत होतं. ताक घातलं की भात पांढरा. माईला आंबट का चालत नाही? भात शिजताना पांढरा, रात्रभर ओल्यात राहिला की लाल. चिमूटभर भस्माने माझा सगळा भात लाल झाला. थोड्याचं पुष्कळ होणं, हे रक्ताचं लक्षण नव्हे. हे वाढणाऱ्या जिवाचं लक्षण.

आणि मला नागपूरचं कॉलेज आठवलं. आमचे प्राध्यापक पिकांवरच्या जंतूंबद्दल शिकवत. महागडं सामान नसेल तर उकडलेला बटाटा कापा, म्हणत. त्याच्यावर जंतू शेतातल्यासारखे उगवतात, सूक्ष्मदर्शक नसला तरी डोळ्यांना दिसतात. एका तासाला त्यांनी अशाच एका जंतूची गोष्ट सांगितली होती. ओल्या पावावर, भातावर तो वाढतो आणि लाल रंग तयार करतो. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थच 'अद्भुत'. जुन्या काळी युरोपात पावावर असा रंग दिसला की लोक त्याला रक्त समजत आणि त्या रक्तापायी निरपराध माणसांना जाळत. आम्ही मुली तेव्हा ती गोष्ट वहीत उतरवून घरी गेलो होतो. ती गोष्ट माझ्या परसात येऊन बसेल असं कुणाला वाटलं होतं!

मी बटाटे उकडले. सुरी जाळावर धरून काप केले, उकळत्या पाण्यातून काढलेल्या ताटल्यांत मांडले आणि वर ताटल्या झाकल्या. एका कापाला काहीच लावलं नाही. एकावर नुसतं भस्म. एकावर भस्म आणि लिंबाचा रस. एकावर भस्म पसरून मधोमध ठेचलेल्या लसणाची बोटभर चकती ठेवली. आजी ठेचलेला लसूण जखमेवर बांधायची. म्हटलं, इथे काय करतो बघू.

राहिलं काकूंचं फडकं. भस्म तर महाराजांचं, पण पहिल्या दिवशी रंग आला कुठून? भस्म तेव्हा नव्हतंच. ते फडकं काकू रोज विहिरीच्या थंड पाण्यात पिळायच्या आणि घरातच, आढ्याजवळच्या दांडीवर काठीने वाळत टाकायच्या. कोणाचा स्पर्श होऊ नये म्हणून. श्रावणापासून त्याला ऊन लागलं नव्हतं, उकळत्या पाण्याचा तर प्रश्नच नाही.

मी त्याला हात लावू शकत नव्हते. शेवटचा काप घेऊन मी त्यांच्या दारात उभी राहिले.

"काकू, बटाटा सोवळ्यात चालतो ना?"

"चालते. काहून?"

"मग फडक्याचं टोक ह्याला तुम्हीच लावून द्या."

त्यांनी माझ्याकडे, वेड्या पोरीकडे बघावं तसं बघितलं. पण लावून दिलं.

दुसऱ्या दिवशी कापांवर नुसती लाली होती. तिसऱ्या दिवशी मी झाकणं काढली. काही न लावलेला काप जसाच्या तसा. भस्माचा लालभडक. लिंबाचा पांढरा. लसणाचा तर बघण्यासारखा: चौफेर लाल आणि मधे लसणाभोवती स्वच्छ पांढरं गोल अंगण, जणू लसणाने हद्द आखून दिली होती. आणि काकूंच्या फडक्याचा काप? टोक जिथे टेकलं होतं तिथे, कापडाच्या विणीसह, लाल ठसा.

त्या ठशाकडे मी कितीतरी वेळ बघत बसले. दाखवायला घरात कोणी नव्हतं. विनीला दाखवला, तर ती खायला धावली.

ताटल्या घेऊन मी भर गर्दीत गेले. विनीला काखेत आवळून धरलं होतं. महाराज शंख ओठाला लावणार, तेवढ्यात मी बापूसाहेबांसमोर ताटल्या उघडल्या. बापूसाहेब म्हणजे कोर्टातून निवृत्त झालेले पेशकार, गल्लीत त्यांचा शब्द चाले.

"हे काय, सूनबाई?"

"उकडलेला बटाटा. ह्याच्यावर महाराजांचं भस्म, ह्याच्यावर काकूंचं फडकं टेकवलंय."

लोक पुढे सरकले. कोणीतरी "हर हर" म्हणालं आणि मधेच थांबलं. मग अंजनीबाईंचा आवाज आला. पुडी मला त्यांनीच दिली होती, पण बाई सरळ मनाची.

"काहून जी महाराज, ह्या बटाट्याचाबी नवरा परिक्रमेले गेला होता का?"

आधी एक जण हसला, मग चौघे. महाराजांचा चेहरा लालबुंद झाला.

"विलायती जादू है! कालेज की लड़की है, मंतर पढ़ी है!"

"महाराज, मंतर नाही," मी म्हटलं. "तुमचंच भस्म घ्या. अर्धं लोखंडी पळीत निखाऱ्यावर भाजू, अर्धं तसंच ठेवू. नव्या बटाट्यावर दोन्ही टाकू. बापूसाहेबांच्या कपाटात कुलूप लावून ठेवू. भस्मात माईची शक्ती असेल, तर ती निखाऱ्याला का भ्यावी?"

बापूसाहेबांना कुलूप, मोहोर, साक्षीदार ह्या गोष्टी फार आवडत. "रास्त आहे," ते म्हणाले. "अच्छा, महाराजजी, पुडी इकडे द्या."

महाराजांनी पुडी दिली. न देऊन करतात काय?

आता खरी लढाई स्वयंपाकघरात होती. गर्दी पटली तरी काकू पटायच्या होत्या. मी उंबऱ्याबाहेर बसले.

"काकू, महाराज म्हणाले, भात पांढरा झाला की जेवायचं. बरोबर?"

"हो."

"मग तुमच्याच हाताने तुमचं फडकं उकळा. ताटलीवरही उकळतं पाणी ओता. मी शिवणार नाही. फडकं उन्हात वाळवा आणि मग मूद ठेवा."

"उन्हात? बाहेर? कोणीबी शिवलं म्हणजे?"

"मी राखीन."

त्यांनी फडकं उकळलं. पाणी खळखळत असताना तिथून हलल्या नाहीत. दैवाने त्या दिवशी उघडीप होती. परसात दोरीवर त्यांनी फडकं टाकलं आणि मी कडेवर पोर, हातात काठी घेऊन तिथे उभी राहिले, कावळे हाकलत, कुत्री हाकलत, फुटक्या भिंतीतून डोकावणारी पोरं हाकलत. माझी सावलीही त्याच्यावर पडू नये म्हणून ऊन सरकेल तशी मीही सरकत होते. सोवळ्यावर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पण काकू ज्या वाटेने घासापर्यंत येऊ शकत होत्या ती वाट तेवढी एकच होती, आणि मला ती मोडायची नव्हती.

संध्याकाळी त्यांनी मूद ठेवली. भाताच्या त्या दिवशीच्या धुराकडे मी बघितलंही नाही.

सकाळी सगळी गल्ली बापूसाहेबांच्या ओसरीवर होती. शंख काही वाजला नाही. महाराज पहाटेच तिलवाऱ्याचा पूल ओलांडून नागपूरच्या रस्त्याला लागले होते, असं टांगेवाल्याने सांगितलं. त्यांना जंतू ठाऊक होते असं मला वाटत नाही. एकाची लाली दुसऱ्याला लागते आणि आंबट घातलं की थांबते, एवढं मात्र त्यांनी कुठेतरी पाहून ठेवलं होतं. धंद्याला तेवढं पुरतं.

कपाटातला निकाल मला नंतर कळला. भाजलेल्या भस्माचा काप पांढरा, न भाजलेल्याच्या कापावर लाली. मी तिथे नव्हते. मी काकूंच्या उंबऱ्यावर होते, एकटी. जी माणसं रक्त बघायला रोज आली, त्यांतलं एकही पांढरा भात बघायला आलं नाही.

काकूंनी फडकं उचललं. मूद पांढरी होती. त्यांनी ती खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवून पाहिली. मग ताटली खाली ठेवली आणि पाठमोऱ्या राहूनच म्हणाल्या,

"म्हणजे ते रक्त त्यांचं नव्हतं."

"नव्हतं, काकू. कुणाचंच नव्हतं."

"मग ते आहेत?"

माझ्या जिभेवर 'हो' आलं होतं. म्हटलं असतं तर त्या लगेच जेवल्या असत्या. पण मग माझ्यात आणि त्या शंखवाल्यात काय फरक राहिला असता?

"ते मला नाही माहीत, काकू. महाराजांनाही नव्हतं माहीत. भाताला तर नाहीच."

त्या हळूहळू चुलीपाशी बसल्या. म्हणाल्या, "खरं हाये. भाताले कसं कळणार?" त्यांनी पेज केली, मीठ घातलं, लिंबू पिळलं. मी दारातून उठले नाही. पान रिकामं झालेलं बघितलं आणि मगच घरी गेले.

ह्यातून घ्यायचं ते साधं आहे. भातावर, पिठावर, दुधावर अचानक रंग दिसला तर तो प्रसाद नाही आणि पापही नाही. तो वाढणारा जंतू आहे. ते अन्न खाऊ नका, लेकराला चाटवू नका. तुमची मूद गाईला घालायची असली तरी लाल झालेली घालू नका. फडकी उकळा, उन्हात वाळवा. कोणी शिवलं नाही म्हणजे स्वच्छ झालं, असं नसतं. लिंबू, ताक, लसूण ह्यांच्यात जंतूंना रोखायचा गुण आहे, तो कोणाच्या मंत्राने आलेला नाही. आणि कोणी चमत्कार दाखवला तर एक बटाटा उकडा. दाखवणाऱ्याच्या वस्तूनेच, पण तुमच्या ताटलीत, तुमच्या कुलपात, तो पुन्हा करून बघा.

पण हे लिहायला मी बसले त्याचं कारण दुसरंच आहे. यंदा माझ्या यजमानांची बदली बालाघाटला झाली. निघताना काकूंना वाकून नमस्कार केला, तर त्यांनी विनीच्या हातात उकडलेला बटाटा दिला आणि हसल्या. मूद त्या अजून ठेवतात, उकळलेल्या फडक्याखाली. पाठीला पाठ लावलेल्या आमच्या त्या घरात आता कोण राहतं, मला ठाऊक नाही. तीन पत्रं पाठवली. काकूंना लिहिता येत नाही, आणि उत्तर लिहून देणारी मी इथे आहे.

हे वाचणारं कोणी जबलपुरात असेल, तर बडा फुहाऱ्याच्या मागे जा. विहिरीपाशी बुटकी भिंत दिसेल. कौलांतून धूर निघत असेल, निघू द्या. तेवढ्यावर परत फिरू नका. हाक मारा, आत जा, आणि पानात बघा.